मदत हवी आहे : 'ओशिन' ही जपानी मालिका इंग्रजी सबटायटल्ससह पूर्ण कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची 'ओशिन' आईला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवायची आहे. एप्रिल १९८३ ते मार्च १९८४, सुमारे पंधरा मिनिटांचे २९७ भाग, लेखिका सुगाको हाशिदा. जपानमध्ये तिचा सरासरी टीआरपी ५२.६ टक्के होता, आणि पुढे इराण, थायलंड धरून साठहून अधिक देशांत ती दाखवली गेली.

ओशिन म्हणजे जपानमधल्या यामागाता भागातल्या गरीब शेतकऱ्याची पोर, तांदळाच्या पोत्याच्या बदल्यात सातव्या वर्षी परक्या घरी कामाला जाते. तराफ्यावरून ती नदीतून निघते, तो प्रसंग आईला बघायचाच आहे. मला स्वतःला म्हातारी ओशिन जास्त आवडते. सुपरमार्केटची मालकीण झाल्यावरही ती मुलाच्या हव्यासाला विरोध करते.

२०१३चा चित्रपट नको, त्यात फक्त बालपण आहे. १९८४चा ॲनिमेशनपटही नको.

जपानी डीव्हीडी घ्यायला मन धजत नाही. डीव्हीडीला देशांच्या गटांनुसार रीजन क्रमांक असतो; तिकडचा २, आपला ५, त्यामुळे आपल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. शिवाय इंग्रजी सबटायटल्स नसतील तर आईला काय उपयोग? जपानमध्ये राहणाऱ्या कोणी हा संच पाहिला आहे का? इंग्रजी सबटायटल्सचा, अधिकृत आणि एकही भाग न गाळलेला संच दुसऱ्या कुठल्या देशात निघाला आहे का? हिंदी डबिंग कधी झालं असेल तर तेही सांगा. आईचे डोळे आता लवकर थकतात, त्यामुळे ऐकता आलं तर फार बरं होईल.