काचेपलीकडचं वाद्य कसं बघायचं? वाद्यसंग्रहालयांचे अनुभव, नागपूरकरांकडून

धागा सुरू करताना (गायनवर्ग, धंतोली)

दिवाळीच्या सुट्टीत नागपुरातून पुणे, दिल्ली, भोपाळ, बंगळुरूला जाणारे खूप. त्यातले काही जण वाद्यांचं दालनही बघून येतात, पण बहुतेकांचं ते पंधरा मिनिटांत आटोपतं. पाटी वाचली, फोटो काढला, पुढे. वाद्य वाजतच नाही तर त्यात बघायचं काय, हा प्रश्न खराच आहे. म्हणून ज्यांच्या हाताखालून रोज वाद्यं जातात त्यांनी इथे लिहावं, ही विनंती. सुट्टी कशी गेली ते नको, वाद्यात नेमकं काय बघायचं ते लिहा.

आधी ठिकाणं. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिल्लीत मंडी हाउस मेट्रोजवळ, रवींद्र भवनात, संगीत नाटक अकादमीचं वाद्यदालन. १९६४ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्या हस्ते ते उघडलं. बंगळुरूत जे. पी. नगरला इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स, २०१९ पासून. भोपाळला श्यामला हिल्सवर मानव संग्रहालय आणि शेजारीच जनजातीय संग्रहालय. नागपूरच्या अजब बंगल्यासारखी (आपलं मध्यवर्ती संग्रहालय) बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. फोन करताना ‘संग्रहालय उघडं आहे का’ एवढंच न विचारता ‘वाद्यांचं दालन उघडं आहे का’ असं विचारा. डागडुजीसाठी नेमकं तेच बंद असू शकतं.

तबला, पखवाज (दुरुस्तीचं काम, महाल)

तबल्यासमोर उभे राहिलात की आधी शाई, म्हणजे तोंडावरचा काळा गोल, बघा. लोहकीस आणि खळ यांचा लगदा पातळ थरांनी चढवतात आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटता घोटता शाईला बारीक भेगांची जाळी पडते, आणि ती पडायलाच हवी. शाई एकसंध राहिली तर खालच्या चामड्याबरोबर ती हलत नाही, तबला मुका वाटतो. लोक ही जाळी बघून तबला खराब झाला म्हणतात. खराब म्हणजे शाईचा टवका उडून खालचं चामडं दिसणं.

नुसत्या चामड्याच्या पुडीतून (तोंडावर मढवलेल्या चामड्यातून) निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून साधा ढोल तंबोऱ्याला मिळवता येत नाही. शाईच्या वजनाने ते पटीत येतात आणि तबला स्वरात बोलतो. आपल्या कारागिरांनी हाताने साधलेली ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शास्त्रीय भाषेत मांडली. हेच रामन सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ बदलीवर नागपुरात होते. आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

मग गठ्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, बघा. ते आठ, आणि वादीची (पुडी ताणणाऱ्या चामडी पट्टीची) घरं सोळा. गठ्ठे खाली ठोकलेले असतील तर वादी ताणलेली आहे. वर्षानुवर्षं तसाच ताण राहिला की पुडी गजऱ्याच्या (काठावरच्या चामडी गोफाच्या) कडेने फाटते. ज्या दालनात गठ्ठे वर सरकवून वादी ढिली सोडलेली दिसेल, तिथे मांडणारा जाणकार आहे असं समजा. तोंडाचा अंदाजही घ्या. सव्वापाच-साडेपाच इंची तोंड साधारण काळी एकला (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) चालतं. सहा इंचांच्या वर गेलं की तबला खालच्या पट्टीचा. डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याची, शाई मधोमध नसते, एका अंगाला असते. मनगट रुंद मैदानावर (शाईबाहेरच्या मोकळ्या चामड्यावर) टेकतं आणि शाई पलीकडे राहते. डग्गा उलटा फिरवून ठेवला असेल तर तो वाजणार कसा, हे मुलांना विचारून बघा, त्यांना लगेच कळतं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कायमची शाई नसते. वाजवण्याआधी ताजी कणीक थापतात, नंतर खरवडून काढतात. जुन्या पखवाजाच्या त्या तोंडावर मधोमध फिकट, खरखरीत गोल राहतो. तो दिसला तर वाद्य खरोखर वाजलेलं आहे. कणकेचा अंश राहिला की उंदीर, झुरळं पुडी कुरतडतात. कुरतडल्याच्या खुणाही तिथेच सापडतात.

तंबोरा (जवारीचं काम, प्रतापनगर)

सगळे नक्षी आणि भोपळा बघतात. तुम्ही घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, बघा. तिचा माथा सपाट वाटतो, पण किंचित उताराचा असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो. तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करत थरथरते आणि त्यातून जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो भरलेला झणकार, येते. तार मधोमध छेडली तर नियमाप्रमाणे काही उपस्वर निघूच नयेत, तरी तंबोऱ्यात ते ऐकू येतात. रामन यांनी १९२१ मध्ये यावरही लिहिलं आहे. काचेतल्या तंबोऱ्याला दोरा आहे का, ते शोधा. घोडीवर तारांच्या चऱ्या खोल पडलेल्या असतील तर तो पुष्कळ वाजला आणि मग जवारी न काढताच (घोडीचा माथा पुन्हा न घासताच) ठेवला गेला.

घोडीच्या खाली, लंगोटाकडे (तारा जिथे खाली बांधतात तिथे), तारेत ओवलेले मणी असतात, स्वर बारीक मिळवण्यासाठी. जुन्या वाद्यांत बहुधा हेच हरवलेले असतात. दांडीकडे एका टोकाकडून नजर लावून बघा. तारा ताणलेल्या ठेवल्या असतील तर ती पुढे वाकते आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) घोडीखाली बसते. साडेचार-पाच फुटी तंबोरा पुरुषांच्या पट्टीचा, चार फुटांच्या आसपासचा बायकांच्या पट्टीचा.

पाटीत गोंधळ वाटला तर एवढं लक्षात ठेवा. पडदे नाहीत, चार तारा, तर तंबोरा. पडदेही आहेत आणि गजही आहे, तर दिलरुबा किंवा इसराज. दिलरुब्याचं पोट सारंगीसारखं चौकोनी, इसराजचं लहान आणि गोलसर. सारंगीला पडदे नसतात. मुख्य तारा तीन, तातीच्या (आतड्याच्या), आणि खाली पस्तिसाच्या आसपास तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. सारंगीची मुख्य तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत, नखाच्या मुळाने बाजूने अडवतात.

संवादिनी (पेटी दुरुस्ती, इतवारी)

पेटीले काहून विसरले सारे? लोक तिला विदेशी म्हणून पुढे सरकतात. पॅरिसच्या अलेक्झांडर दबाँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं हे खरं. पण ती पायाने चालायची. मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवायची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये बनवली. म्हणून दालनात पायपेटी आणि हातपेटी शेजारी असल्या तर खालून वर बघत जा, बदल कुठे झाला ते दिसतं.

पट्ट्यांची झीज बघा. गायक ज्या पट्टीत गायचा, त्याच पट्ट्या मधोमध खोलगट होतात, बाकीच्या चकचकीत राहतात. पांढरी एकवाल्याची पेटी आणि काळी चारवाल्याची पेटी लांबून ओळखू येते. भात्याच्या कोपऱ्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवलेले दिसले तर पेटी दुरुस्त होत होत वाजत राहिली आहे. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, हेही मनात ठेवून बघा.

गोंडी वाद्यं (शिक्षक, उमरेड रोड)

भोपाळ नागपूरहून रेल्वेने साधारण सहा तास. मानव संग्रहालय दोनशे एकरांत पसरलेलं आहे, त्याला एक दिवस द्या, जनजातीय संग्रहालयाला दुसरा अर्धा. दोन्ही एकाच दुपारी उरकायला जाऊ नका.

परधानांचा (गोंडांच्या गाथागायकांचा) बाना कुठे दिसला तर थांबा. तीन तारा, त्या घोड्याच्या केसांच्या, आणि गजाने वाजवायचं. परधान त्यावर बडादेवाची आणि गोंड राजांची गाथा गातात. त्यांच्यासाठी त्या वाद्यातच देव आहे. पाटीवर ‘आदिवासी फिडल’ एवढंच असेल तर मुलांना हे सांगणं आपलं काम. मांदर हा ढोल कुठे लाकडाच्या खोडाचा, कुठे मातीचा. मातीचा असेल तर तोंडाजवळ बारीक तडे शोधा. बांधलेल्या दोऱ्या मूळच्या आहेत की दालनात आणल्यावर नायलॉनच्या घातल्या, तेही बघा. नायलॉनचा ताण वेगळा, त्यावर मूळ आवाज निघत नाही.

खंजिरी (भजनी मंडळ, हुडकेश्वर)

आपल्याकडे खंजिरी म्हटली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. अमरावतीच्या वाटेवर मोझरीला गुरुकुंज आहेच. दक्षिणेकडच्या दालनांत ‘कंजिरा’ दिसेल, त्याला एकच झांज असते आणि वाजवण्याआधी चामड्याला आतून पाणी लावून स्वर उतरवतात. आपली भजनाची खंजिरी उलट शेकून चढवतात. जुनी कंजिरा आणि गोव्याचं घुमट (मातीच्या घटाचं वाद्य) घोरपडीच्या कातड्याचं असायचं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. बाहेरच्या दुकानात कुणी ‘ओरिजिनल घोरपड’ म्हणून काही दाखवलं तर घेऊ नका. हस्तिदंत आणि सांबरशिंगाच्या घोड्यांचंही तेच. बकऱ्याच्या कातड्याची खंजिरी मागा.

बघून झाल्यावर घ्यायचं मनात आलं तर (तंबोरा शिकवणं, मानेवाडा)

मिरजेला जा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस मिरजेहून थेट नागपूरला येते, गाडी बदलावी लागत नाही, आणि भोपळ्याच्या वाद्याला ती सगळ्यात बरी.

बांधताना चारही तारा दोन-तीन पीळ उतरवा, पूर्ण काढू नका. काढल्या की घोडी सुटते आणि दोरे हरवतात. घोडीवरून मऊ कापडाची घडी टाकून दांडीमागे गाठ मारा. मणी लंगोटाकडे सरकवा. भोपळ्याला गोधडी गुंडाळा, मग खोळ. वरचा बर्थ घ्या, भोपळा भिंतीकडे. पार्सल डब्यात अजिबात देऊ नका. भोपळा वजन सोसतो, टिचकीसारखा अचानक मार सोसत नाही. घरी आल्यावर चार-पाच तास खोळीतच राहू द्या आणि स्वर दोन दिवसांत हळूहळू चढवा.

प्रश्न: एप्रिलमध्ये आणला तर चालेल का?

उत्तर (प्रतापनगर): शक्यतो नको. मिरजेची हवा वेगळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर आणि हवा कोरडी ठक्क, तबलीचा सांधा उघडतो. आणायचाच तर कूलरच्या खोलीत ठेवू नका. कूलर चालू असेपर्यंत दमट, बंद झाला की कोरडं, आणि हा रोजचा चढउतार लाकडाला नुसत्या उन्हाळ्यापेक्षा वाईट. पेटीचे सूर (आतल्या धातूच्या पात्या) गंजतात, तबला उतरतो. आतली खोली, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब, खोळीत, उभा नको, आडवा ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणलात तर सगळ्यात उत्तम, पुढचे चार महिने लाकूड इथल्या हवेला सरावतं.