लिस्मलिनची भोकं

अश्मक
काल एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, 'आयर्लंडात चार खुंट्यांच्या भोकांसाठी हायवे अडवत होते, येडे लेकाचे.' राहवलं नाही.

भोकं चार नव्हती. २००७ मध्ये एम३ या हायवेसाठी वरची माती काढली तेव्हा आयरिश राजांचं प्राचीन ठाणं असलेल्या 'तारा' टेकडीजवळ, लिस्मलिनला, लोहयुगातलं खुंट्यांचं आख्खं रिंगण निघालं. बाहेरचा घेर ८० मीटर व्यासाचा, आतला १६ चा, पूर्वेकडून आत यायला खुंट्यांचीच वाट. लाकूड केव्हाच कुजलं, मातीत नुसते काळसर ठिपके उरलेले. राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं आणि मग 'नोंद करून जतन' म्हणत सगळं उकरून वर डांबर! वाड्याचे फोटो काढून वाडा पाडला तर त्याला जतन म्हणतात का?

नॅव्हनकर
मी तिथेच राहतो. रस्ता झाला नसता तर तुमच्या रिंगणाचा पत्ता तरी लागला असता का?

अश्मक
नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा प्राचीन ब्राँझचा रथ १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना सापडला. म्हणून तो वितळवला का?

नॅव्हनकर
रथ उचलून संग्रहालयात ठेवता येतो. भोक कसं उचलणार, तेवढं सांगा.

वऱ्हाडी ठेचा
आयर्लंडचं काय घेऊन बसले राजेहो! नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीची शिलावर्तुळं तरी संरक्षित आहेत. आमच्या मामाच्या धुऱ्याला असंच एक होतं. दगडांवर वाटीसारखे खळगे, त्यात आम्ही चिंचोके खेळायचो. मुरूमवाला आला, जेसीबीनं एका सकाळीत साफ. दगड खडीला गेले. ना नोंद, ना फोटो.

नॅव्हनकर
मामांनी किती घेतले?

वऱ्हाडी ठेचा
घरावर जायचं काम नाही. मामेबहिणीचं लग्न होतं. घेतले.

खडीसम्राट
मुरूमवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मी रस्त्याच्या कामावर असतो. काम थांबलं तरी मशीनचं भाडं चालूच. खापर दिसलं की मुकादमच म्हणतो, 'साहेब, माती लोटा.' तिकडे उत्खननाचा खर्च रस्त्याच्या बजेटातच धरतात. इथे तो माझ्या बिलातून कापणार का?

अश्मक
बरं, मामांच्या वर्तुळापेक्षा लिस्मलिनचं नशीब थोर, एवढं मान्य. पण तिथले पर्यावरणमंत्री डिक रोश यांनी मंत्रिपद सोडता सोडता उकरायच्या आदेशावर सही ठोकली आणि मागून आलेले हरित पक्षाचे जॉन गॉर्मलीही हात वर करून मोकळे! रस्ता थोडा वळवला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

नॅव्हनकर
वळवला असता तर तिसरा टोल बसवला असता. दोन आत्ताच भरतो, रोज, जाता-येता. मुलाच्या पाळणाघराचे पैसे, त्यात हे...

वऱ्हाडी ठेचा
टोलचा धागा वेगळा काढा.