शब्दचर्चा: ‘फलद्रूप जीवन’ की ‘फळ देणारं जीवन’?

प्रश्न: बायबल अभ्यासासाठी एक पान लिहून देतेय आणि शीर्षकावरच अडकलेय. ‘फलद्रूप ख्रिस्ती जीवन’ असं सगळे लिहितात पण मला ते बसत नाहीये. आपण म्हणतो प्रयत्न फलद्रूप झाले, बोलणी फलद्रूप झाली, म्हणजे हाती घेतलेलं काम तडीस गेलं. मग जीवन फलद्रूप म्हणजे सगळी कामं यशस्वी झाली असं का? आमच्या मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळल्यात, त्या परवा म्हणाल्या, आता माझ्या हातून काहीच होत नाही गं, माझं जीवन कसलं फलद्रूप. तेव्हापासून हा शब्द टोचतोय.

उत्तर १: शब्द चूक नाही, उत्पत्तीच्या (बायबलचं पहिलं पुस्तक) पहिल्या अध्यायात ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ असंच आहे, पण तिथे वंश वाढण्याचा अर्थ आहे. तुमचा विषय योहानाच्या शुभवर्तमानातल्या १५ व्या अध्यायाचा, येशू द्राक्षवेल आणि आपण फाटे, आणि तिथे साधं ‘फळ देणे’ आहे. आता आपली क्रियापदं बघा ना, झाडाला फळ येतं, लागतं, धरतं, झाड फळ ‘करतं’ असं कोणीच म्हणत नाही. फाट्याला सांगितलेलं काम एकच, वेलात राहणे. मूळ ग्रीकमध्ये हे ‘मेनो’ (राहणे) क्रियापद वचन ४ ते १० मध्ये तब्बल दहा वेळा येतं, म्हणजे सगळा जोर करण्यावर नाही, राहण्यावर आहे. आजींना हे नक्की सांगा, अंथरुणावरूनही राहता येतं.

उत्तर २: यात एक भर. प्लीज त्या पानावर ‘आत्म्याची नऊ फळं’ लिहू नका, फार ठिकाणी दिसतं ते. गलतीकरांस पत्र ५:२२ मध्ये मूळ ग्रीक ‘कार्पोस’ (फळ) एकवचनी आहे आणि मराठीतही ‘फळ’च आहे, उलट १९ व्या वचनात देहाची ‘कर्मे’ अनेकवचनी. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी पण फळ एकच. अनेकवचन केलं की माणूस म्हणायला लागतो, मला आनंद मिळालाय, सहनशीलता काही मला दिलेली नाही. हा हिशोब कृपादानांचा, म्हणजे आत्म्याने दिलेल्या देणग्यांचा, ती वेगवेगळ्यांना वेगवेगळी वाटून दिलेली असतात (१ करिंथ १२). फळाचं तसं नाही.

उत्तर ३: आणि ‘साफसूफ’? योहान १५:२ मध्ये फळ देणाऱ्या फाट्याला तो (माळी, म्हणजे पिता) ‘साफसूफ करतो’, मला वाटायचं इथे सरळ ‘छाटणी’ हवं, वेलीची छाटणीच करतात की.

उत्तर १: छाटणी म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं हे खरं, द्राक्षाचे घड त्या हंगामात फुटलेल्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून न छाटलेली वेल नुसती पसरते आणि फळ धड येत नाही. पण ग्रीक शब्द ‘काथाइरेइ’, स्वच्छ करतो, आणि लगेच पुढच्या वचनात ‘तुम्ही शुद्ध आहात’ तिथे ‘काथारोई’, एकाच मुळाचे शब्द. ‘छाटणी’ घेतली तर हा धागा तुटतो, ‘साफसूफ’मध्ये थोडा तरी शिल्लक राहतो. मी तर साफसूफच ठेवेन आणि कंसात छाटणी लिहीन.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षक ‘वेलात राहणं, फळ येणं’ असं केलंय, ‘फलद्रूप’ काढला. पान छापायच्या आधी आजींना वाचून दाखवणार आहे.