किशोरवाचकांसाठी अरब कुटुंबजीवनावरील कविता

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमच्या वाचनकट्ट्यावरील बारा-तेरा वर्षांच्या मुलांना अरब घरांतील आजी-आजोबा, स्वयंपाक आणि चालीरीती यांविषयीच्या कविता वाचून दाखवायच्या आहेत. आपण काय सुचवाल?

उत्तर (वाशी): नाओमी शिहाब नाय यांच्यापासून आरंभ करावा. १९५२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे जन्मलेल्या या कवयित्रीचे वडील पॅलेस्टिनी निर्वासित होते. वडिलांना असलेली अंजिराची ओढ आणि दूरच्या गावातील आजी त्यांच्या इंग्रजी कवितांत इतक्या जिव्हाळ्याने येतात की मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर (ऐरोली): पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश (१९४१–२००८) यांची आईवरील कविताही अवश्य घ्यावी, कारण आईच्या हातची भाकरी आणि कॉफी आठवणारा मुलगा आपल्या मुलांना लगेच कळेल. मात्र पॅलेस्टिनी लोकांच्या विस्थापनाचा संदर्भ आधी सांगावा. तो वगळणे मला अन्यायाचे वाटते.