शाळेतून लेथ हटवा म्हणणाऱ्यांना

कानसवाला

काल एका पालकांची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. म्हणणं असं: शाळेतलं धातुकाम जुनाट आणि धोक्याचं आहे, लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारं यंत्र), ड्रिल, ग्राइंडर काढून टाका, मुलांना संगणकावर सिम्युलेशन दाखवा, आणि फारच हौस असेल तर 'जाड हातमोजे घालून एकदा ड्रिल चालवू द्या'. खाली 'अगदी मनातलं बोललात'वाल्यांची रांग.

हातमोजे घालून ड्रिल! लिहिणाऱ्याने ड्रिल मशीन लांबूनच पाहिलंय हे तिथेच कळलं. असो.

सिम्युलेशनमध्ये बिट (ड्रिलचं भोक पाडणारं टोक) कधी अडकत नाही. खऱ्या पत्र्यात भोक आरपार जाताना बिटाची धार कड पकडते, पत्रा बिटावर चढतो आणि बिटासोबत गरागरा फिरतो. तो हातात धरलेला असला तर पुढचं सांगायला नको. म्हणून खाली लाकडाचा ठोकळा, वरून क्लॅम्प, आणि शेवटी शेवटी दाब कमी. हे वहीत लिहून येत नाही. हँडलवरच्या हाताला धातू सुटत चालल्याचं जाणवावं लागतं.

आणि पहिल्या दिवशी मशीनपाशी पाठवतंय कोण? आधी व्हाइस (वस्तू घट्ट पकडणारा शिकंजा), कानस, हॅकसॉ (धातू कापायची करवत). कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा. मूठ नसलेली कानस हातात घ्यायची नाही, शेपूट तळहातात घुसतं. हॅकसॉचे दात पुढच्या दिशेला, आणि पातळ जॉबवर (ज्या तुकड्यावर काम चालतं तो) निदान तीन दात एकदम टेकतील असं बारीक दातांचं पातं. दोन कडा गुण्यात (काटकोनात) बसेपर्यंत पोरगं घामाघूम होतं आणि तोवर घाई आपोआप उतरलेली असते. मग ड्रिल. लेथ त्याच्याही नंतर.

शाळेत शिकला नाही तर तो शिकणारच नाही असं वाटतं का? चौदा वर्षांचं पोरगं व्हिडिओ बघून घरातला हँड ग्राइंडर उचलतं. मोठी चकती बसत नाही म्हणून गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढतं. त्या चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा छोट्या ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असते, ती त्या वेगाला फुटू शकते, हे त्याला कोण सांगणार? तुमचं सिम्युलेशन?

चिडलेला_पालक

ती पोस्ट माझी.

हो साहेब, ड्रिल लांबूनच पाहिलंय, कारण मुलाच्या शाळेत जवळ जायला जागाच नाही. चाळीस मुलं, एक सर, दोन ड्रिल. गॉगल इतके ओरखडलेले की मुलं नीट दिसावं म्हणून ते काढून काम करतात. मुलाच्या वर्गातल्या एकाचा हात असाच पत्रा फिरून फाटला, टाके घालावे लागले. क्लॅम्प होता हो. कपाटात, कुलपात. मुलं तो हरवतात म्हणून.

तुमचं कानसपुराण वाचून भरून आलं. ती कार्यशाळा नक्की कुठे असते तेवढं कळवा, नाव बदलून घालतो.

आणि हातमोजे का नकोत? पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. ती काय उघड्या हाताने धरायची?

टर्नरताई

हातमोज्यांचं मी सांगते, अर्धं आयुष्य लेथवर गेलंय.

पत्रा उचलायला, गरम जॉब धरायला, वेल्डिंगला हातमोजे हवेतच. मशीन सुरू करण्याआधी ते काढायचे. उघडं बोट बिटाला लागलं तर कापतं, आणि आपण हात मागे घेतो. हातमोज्याचा एक धागा अडकला की बिट हातच गुंडाळायला लागतं. १० मिमीचं बिट, माइल्ड स्टील, मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग धरा: साधारण ८०० फेऱ्या होतात. म्हणजे सेकंदाला तेरा वेढे. 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. आमच्या शॉपमध्ये एकाची दोन बोटं अशीच गेली. हातमोजा नवाकोरा होता, सुरक्षेसाठी म्हणून वाटलेला.

सैल बाही, अंगठी, गळ्यातला दोरा, ओळखपत्राची पट्टी, सगळ्याला हाच नियम. फिरत्या जॉबला पॉलिश पेपर हाताने गुंडाळून धरणाऱ्यांनाही.

स्पष्टवक्ता_७

पुस्तकी गप्पा. मी आजवर हातमोजे घालूनच ड्रिल मारलंय, दहाही बोटं शाबूत आहेत. फोटो टाकू? बरीने (कापलेल्या कडेला राहणाऱ्या धारदार कुसळाने) हात चिरले की हे सगळे नियम विसरायला होतात.

टर्नरताई

दहा बोटं आहेत त्याबद्दल अभिनंदन. ज्याची आठ आहेत तो इथे लिहायला आलेला नाही, एवढाच फरक.

बर कानशीने काढतात. मशीन थांबवून. चिपा ब्रशने नाहीतर हुकने. हातमोजा घालून लेथवरची लांब चिप ओढणारे मी पाहिलेत. दुसऱ्यांदा ओढताना नाही पाहिले.

स्पष्टवक्ता_७

मग पातळ नायट्राइलचे (रबरी) चालतात का नाही? ते तर फाटतात. आमचा जुना फोरमन तेलापासून बचाव म्हणून तेच घालायचा. का तोही मूर्ख?

टर्नरताई

फोरमनने त्याच्या हाताचं काय करायचं तो त्याचा प्रश्न. तेरा वर्षांच्या मुलाला 'हा चालतो, तो चालत नाही, तिसरा कधीकधी चालतो' असं शिकवणार आहात का? शाळेत एकच नियम हवा: फिरतंय तिथे हातमोजा नाही. तेलाचा त्रास होत असेल तर काम संपल्यावर साबण आहे.

स्पष्टवक्ता_७

म्हणजे आता बायका आम्हाला ड्रिल शिकवणार.

कानसवाला

ओ सातवे, ड्रिल मारायचंच असेल तर त्या वाक्याला मारा. त्यांनी हिशेब मांडून सांगितलं, तुम्ही बोटांचा फोटो दाखवताय.

वेणीवाली

'बायका' निघालंच आहे तर माझंही ऐका. नववीत आम्हा मुलींना सरांनी लेथपाशी उभंच केलं नाही. कारण काय, तर केस लांब. केस बांधून टोपीत घातले की संपलं, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. मुलं टर्निंग करायची आणि आम्ही त्यांची जर्नलं लिहायचो, आकृत्या छान येतात म्हणून. सुरक्षा! तीन मुलांचे केस माझ्याहून मोठे होते, त्यांना कुणी काही बोललं नाही.

आता डिप्लोमाला आहे. चक (जॉब पकडून फिरवणारा लेथचा जबडा) आयुष्यात पहिल्यांदा तिथे घट्ट केला. वर्गातल्या मुलांना ते तीन वर्षं आधीच येत होतं.

निवृत्त_निदेशक

हातमोज्यांवर एवढं रण पेटलंय आणि खऱ्या दुखण्याला कुणी हात लावत नाही. जॉब विकत मिळतात! परीक्षेला मुलगा तयार जॉब खिशातून काढतो, त्यावर नंबर ठोकतो आणि पैकीच्या पैकी गुण घेतो. मी एकदा असा जॉब नापास केला तर मलाच बोलावून 'मुलाचं वर्ष वाया घालवता का' विचारलं गेलं. तेव्हापासून जॉब बाजूला ठेवून मुलाच्या हातात कानस द्यायचो आणि फक्त उभं राहणं बघायचो. पाय कुठे, कोपर कुठे. अर्ध्या मिनिटात कळतं.

या पालकांना एक सांगतो. माझ्या वर्गात चकच्या चावीला एकच नियम होता: चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवर. हात काढायचा तर चावीसकट. चावी चकमध्ये विसरून कुणी लेथ सुरू केला तर ती गोळीसारखी सुटते. स्प्रिंगवाली चावी मिळते, सोडली की आपोआप बाहेर येते. मी मागितली होती, 'बजेट नाही' असं उत्तर आलं. त्याच वर्षी कार्यशाळेच्या दारावर 'सुरक्षा प्रथम'चा मोठा फलक लागला.

धूर_दिसतो_का

सगळे बोटांवरच अडकलेत. फुप्फुसांचं काय? शाळेत गेट-खुर्च्या दुरुस्त करायला जुना गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पाइप आणतात आणि मुलांसमोर वेल्डिंग करतात. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची ज्योत (आर्क) त्याच्या कितीतरी पुढे. पांढरा धूर उठतो, आणि काही तासांनी थंडी वाजून ताप. घरचे म्हणतात व्हायरल असेल. भावाला दोनदा झालं, तेव्हा कुठे कुणीतरी पाइपाबद्दल विचारलं. जस्त आधी घासून काढा, हवा खेळती ठेवा, नाहीतर तो पाइप वापरू नका.

आणि वेल्डरपाशी काळी काच असते, भोवती गोल करून उभ्या पोरांकडे काय असतं? त्यांचे डोळेही त्याच रात्री चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे. पडदा लावा, साधा वेल्डिंगचा पडदा.

स्पष्टवक्ता_७

झालं. आता श्वासही घेऊ नका.

चिडलेला_पालक

मी काय म्हणत होतो तेच तुम्ही सगळे पुराव्यानिशी सांगताय. चावीला पैसे नाहीत, पडदा नाही, क्लॅम्प कुलपात, मुलींना प्रवेश नाही. आणि तरी यंत्रं राहू द्या?

कानसवाला

हो, राहू द्या. या यादीत एक तरी दोष लेथचा आहे का? चाळीस मुलं एकदम आत सोडणं ही वेळापत्रकाची चूक. दोन तुकड्या करा. एक तुकडी बाहेर बाकावर मार्किंग आणि कानस करेल, दुसरी आत.

चिडलेला_पालक

वेळापत्रक तुमच्या खिशात आहे जणू.

बरं, हातमोज्यांचं ताईंचं पटलं. पोस्टमधलं ते वाक्य काढतो. बाकी पोस्ट तशीच राहील. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, नुसतं ओरडून उपयोग नाही एवढं या भांडणातून कळलं. जाऊन नक्की काय बघू? कानसपुराण नको, मोजता येईल असं सांगा.

निवृत्त_निदेशक

मोजपट्टी घेऊन जा. बेंच ग्राइंडरची टेकण (जॉब टेकवायची पट्टी) आणि चकती यांच्यातली फट ३ मिमीपेक्षा जास्त नको. जास्त असली तर जॉब खाली ओढला जातो आणि बोटं त्याच्यामागे. वरच्या गार्डची जीभ (पुढची सरकती पट्टी) चकतीपासून ६ मिमीच्या आत हवी. नवी चकती बसवण्याआधी लाकडी मुठीने टकटक करून बघतात का विचारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत तडा आहे. कुणी 'असं पण करतात का' म्हणालं तर त्या चकतीसमोर उभे राहू नका, आणि मुलालाही उभं करू नका. ग्राइंडर सुरू करताना तसंही बाजूलाच उभं राहायचं असतं.

ड्रिलजवळ मशीन व्हाइस ठेवलाय की कपाटात आहे ते बघा. लाल बटण दाबून बघा, मशीन खरंच बंद होतं का. पुष्कळ ठिकाणी ते नुसतं लाल असतं. छिन्न्यांची डोकी बघा. ठोकून ठोकून छत्रीसारखी पसरली असतील तर त्यांचे तुकडे उडतात, ती घासून सरळ करायला हवीत. आणि हॅकसॉची पाती बघा. सगळी एकाच दाताची असतील तर सरांना काही मागू नका, खरेदी करणाऱ्याला मागा.

वेणीवाली

आणि मुलींच्या जर्नलचं अक्षर मुलांच्या जर्नलशी जुळतंय का, तेही बघा.

स्पष्टवक्ता_७

बघा बघा. पुढच्या वर्षी मुलगा सुतारकामाला जाईल, तिथे करवतीला घाबरा.

चिडलेला_पालक

सात, तुम्ही तुमच्या दहा बोटांची काळजी घ्या.

निदेशक सर, यादी छापून नेतो. पण एक आत्ताच सांगतो: फट जास्त निघाली, लाल बटण निकामी निघालं, तर दुरुस्त होईपर्यंत कार्यशाळेला कुलूप लावायला लावणार. तेव्हा इथे पुन्हा 'पोरांचे हात बांधले' म्हणून रडू नका.

निवृत्त_निदेशक

ग्राइंडरला लावा, मीच चावी देतो. ड्रिललाही लावा, बटण नीट होईपर्यंत. व्हाइस आणि कानशीला लावलंत तर मात्र सभेला मी येईन.