आधी ठिपके टाकून बघा
भाऊ, पाऊस अन् सोयाबीनचा एकरी उतारा यांचं कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडीनं वरखाली होतात ते सांगणारा -1 ते 1 मधला आकडा) शून्याजवळ आलं म्हणून संबंधच नाही म्हणताय, ते घाईचं होतंय. कोरिलेशन फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतं. आधी स्कॅटर प्लॉट म्हणजे ठिपक्यांचं चित्र काढा, आडवा पाऊस, उभा उतारा, एका वर्षाचा एक ठिपका. आपल्याकडं पाऊस कमी पडला तर शेंगा भरत नाहीत अन् लई झाला तर वावरात पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, काढणीला आलेल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात, म्हणजे ठिपके मधी उंच अन् दोन्हीकडं खाली, कमानीसारखे दिसू शकतात, तिथं आकडा शून्याकडंच जाणार. अँस्कम या संख्याशास्त्रज्ञांनी 1973 मधे 11-11 ठिपक्यांचे चार संच दाखवले होते, चारींचं कोरिलेशन 0.82च्या आसपास, चित्रं मात्र एकदम वेगळी. अन् तुमच्या आकड्यांत लातूर अन् बीड असे दोन्ही जिल्हे असतील तर त्यांचे ठिपके वेगळ्या रंगात टाका.