मदत हवी आहे: मेणबत्तीच्या ज्योतीचं तापमान उणे १६०० केल्विन येतंय, कुठं चुकलं?

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी फिजिक्स शेवटच्या वर्षाला, गाव खानापूर तालुक्यात, कॉलेज बेळगावात. प्रोजेक्ट घेतलाय मायकेलसन इंटरफेरोमीटरनं (लेसरचा उजेड दोन वाटांत फोडून, आरशांवरनं परत आणून एकत्र मिसळायचं यंत्र) ज्योतीचं तापमान मोजायचा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळं व्यतिकरण (दोन उजेड मिसळून पट्टे किंवा रिंगा पडणं), अपवर्तनांक (उजेड एखाद्या पदार्थात किती मंदावतो त्याचा आकडा) सगळं पाठ आहे पण आता हिशोबच घोळ घालूलालाय.

केलं ते असं. हीलियम निऑन लेसर, ६३२.८ नॅनोमीटर. मायकेलसनचा जो आरसा हलत नाही त्याच्या वाटेत मेणबत्ती. पडद्यावर छान रिंगा दिसतात (खालच्या रोडवरनं टेम्पो गेला की थरथरतात, म्हणून स्कूटरची ट्यूब फुगवून त्यावर फरशी ठेवली आणि फरशीवर सगळं मांडलं, आता बरं आहे). मेणबत्ती हातानं आत सरकवली की त्या वाटेतली हवा तापून विरळ होते आणि रिंगा धडाधड पळतात; किती पळाल्या त्यावरनं तापमान काढायचं. पण डोळ्यानं मोजणं शक्यच नाही, म्हणून मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमनं स्लो मोशन घेतलं आणि बसून मोजल्या, ११ आल्या. हवेचा अपवर्तनांक पुस्तकातला १.०००२९३, ज्योतीची रुंदी पट्टीनं १ सेंमी, खोलीचं तापमान ३०० केल्विन. उत्तर येतंय उणे १६०० च्या आसपास. शून्य केल्विनच्या खाली जळणारी मेणबत्ती बेळगावात सापडली म्हणून पेपरात फोटो यायचा तेवढा बाकी आहे. पंधरा दिवसांत रिपोर्ट द्यायचाय, प्लीज कुणीतरी बघा.

निपाणीचा_भाऊ: भावा कशाला एवढा ताप करून घेतलास, बेळगावात उद्यमबागला फौंड्रीवाल्यांकडं के टाइप थर्मोकपल (तारेचा तापमापक) मिळतंय, ज्योतीत घाल आणि आकडा लिही की.

जुना_लॅबवाला: निपाणीकर, थर्मोकपल घातलं तरी खरा आकडा येत नाही हो. तार तापते आणि स्वतःच उष्णता बाहेर फेकते, त्यामुळं ज्योतीपेक्षा कमी दाखवते, वर ज्योत विस्कटते ती वेगळी. पोराचा प्रोजेक्ट चांगला आहे, राहू दे.

बाळा, तुझ्या दोन चुका आहेत. पहिली छोटी. पुस्तकातला १.०००२९३ हा ० अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला. बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, इथं दाबच आठ-नऊ टक्क्यांनी कमी, वर तुझी खोली २७ अंशांची. अपवर्तनांकातला एकच्या पुढचा भाग हवेच्या घनतेबरोबर बदलतो, म्हणून तुझ्या खोलीत तो ०.०००२९३ नाही, ०.०००२४४ च्या आसपास धर.

आता दुसरी, खरी गंमत बघ. मायकेलसनमध्ये उजेड ज्योतीतनं दोनदा जातो, म्हणजे १ सेंमीच्या ज्योतीला वाट २ सेंमी. त्या १ सेंमीतली हवा पूर्ण काढून टाकलीस, अगदी निर्वात केलंस, तरी रिंगा सरकणार ७.७. त्याच्या पुढं जायला हवाच शिल्लक नाही! तू ११ मोजल्यास. मोजणी बरोबर असेल तर गरम भाग १ सेंमीचा नाहीच. डोळ्याला जे पिवळं दिसतं ती नुसती काजळी चमकते, तिच्याभोवती गरम वायूचा जाड थर असतो तो दिसत नाही पण लेसरला लागतो.

धागाकर्ता: सर डोक्यात लख्ख उजेड पडला. पण जे दिसतच नाही त्याची रुंदी मोजू कशी?

जुना_लॅबवाला: लॅबमध्ये ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप (स्क्रूनं सरकवून बारीक अंतर मोजायचा सूक्ष्मदर्शक) असेलच, कपाटात धूळ खात. त्याची नळी काढ आणि सरकत्या भागावर मेणबत्ती पक्की बसव. लांबून अर्धा-अर्धा मिलिमीटर स्क्रूनं आत आण आणि पहिली रिंग कधी हलते ते लिहून ठेव. हातानं खुपसायचं बंद. हळू आणलंस की डोळ्यानंही मोजता येईल, आणि प्रत्येक जागेला किती रिंगा हे टेबल आपोआप तयार होईल. उजेड वातीजवळच्या काळसर भागातनं नेऊ नको, तिथं न जळलेली मेणाची वाफ असते, तिचा अपवर्तनांक हवेपेक्षा बराच जास्त. टोकाकडनं ने. आणि लेसरचा रंग तेवढा सोडणारी लाल काच पडद्याआधी लाव, पिवळा उजेड कटेल.

धागाकर्ता: केलं सर! मधापासून डावीकडं ८ मिमीवर रिंगा हलायला लागल्या, उजवीकडं १० मिमीवर. एकूण १८ मिमी. मधोमध परत ११ च. आता १४४६ केल्विन येतंय!!

जुना_लॅबवाला: शाब्बास. पण चार आकडे लिहू नको. १.८ सेंमीला जास्तीत जास्त १३.९ रिंगा होतात. ११ च्या जागी १० धर, उत्तर १०७०. १२ धर, २२००. एका रिंगेची चूक आणि उत्तर शेकडो डिग्री इकडं तिकडं. ज्योत जितकी गरम तितकी तिथली हवा आधीच विरळ, मग आणखी तापवून रिंगा फारशा वाढत नाहीत. परीक्षक हेच विचारतील, तूच आधी सांग. पाव रिंगेपर्यंत वाचायचा प्रयत्न कर.

आणखी एक चूक म्हणजे तू ज्योत आडवी एकसारखी धरलीस. ती कांद्यासारखी आहे, बाहेरचा पापुद्रा थोडा गरम, आत आत जास्त. तुझा आकडा सगळ्या पापुद्र्यांची सरासरी आहे, मध्याचं तापमान त्यापेक्षा जास्त असणार. टेबल आहेच, बाहेरनं एकेक पापुद्रा वजा करत आत जा, एक्सेलमध्ये एका संध्याकाळचं काम. हा कांदा सोलायचा नसेल तर पितळी नळीला एका ओळीत भोकं पाडून गॅसची लांबट ज्योत कर, उजेड लांबीतनं ने.

धागाकर्ता: कांदाच सोलतो सर. पण डावी ८ आणि उजवी १०, हे असं का? पंखा बंद होता, खिडकीपण.

जुना_लॅबवाला: तू मोजताना कुठल्या बाजूला बसला होतास?

धागाकर्ता: डाव्या.

जुना_लॅबवाला: मग तुझाच श्वास. तोंडाला रुमाल बांध आणि परत घे.